रिसेट मारला की सगळं कोरं होतं? तो मेसेज पुढे पाठवण्याआधी हे वाचा

रिसेटवाला मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असेल, थोड्याफार फरकाने सगळीकडे तोच फिरतोय. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दर सात वर्षांनी शरीरातली एकूण एक पेशी बदलते, त्यामुळे सात वर्षांपूर्वीचे तुम्ही आता उरलेलेच नाही. जुना आजार शरीरात राहूच शकत नाही, म्हणून बरं वाटायला लागलं की गोळ्या बंद केल्या तरी चालतं. मोबाईलही फॅक्टरी रिसेट केला की कोरा होतो. सरकार बदललं किंवा कायदा बदलला की जुनी प्रकरणं आपोआप संपतात. एकूण काय तर निसर्गाचा नियमच रिसेट आहे, मागचं सोडा. वाचायला बरं वाटतं म्हणून लोक पुढे ढकलतात. पण त्यातली गोळ्यांची ओळ कुणाच्यातरी जिवावर बेतू शकते, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय. थोडं लांबेल.

सुरुवात सात वर्षांपासून करू, कारण बाकीचा सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. पेशीचं वय मोजता येतं आणि ते मोजलेलंही आहे. अशा चाचण्यांवर बंदी घालणाऱ्या 1963 च्या करारापर्यंत मोठ्या देशांनी उघड्या हवेत अणुचाचण्या केल्या, त्याने हवेतलं कार्बन-14 (कार्बनचाच एक किरणोत्सर्गी प्रकार) जवळजवळ दुप्पट झालं आणि करारानंतर ते दरवर्षी उतरत गेलं. तेच झाडांत जातं, झाडांतून आपल्या पोटात येतं आणि नवी पेशी तयार होताना तिच्या डीएनएमध्ये त्या वर्षीचं प्रमाण बसतं. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये योनास फ्रिसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच युक्ती वापरून 2005 पासून एकेका अवयवाच्या पेशींचं वय काढलं. त्यातून दिसलं ते असं की मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या चेतापेशी माणसाच्याच वयाच्या असतात, म्हणजे सत्तरीच्या आजोबांच्या त्या पेशीही सत्तरीच्या. हृदयाच्या स्नायूपेशी पंचविशीत वर्षाला साधारण 1 टक्का बदलतात आणि म्हातारपणी त्याच्याही निम्म्याने, त्यामुळे अख्ख्या आयुष्यात निम्म्यासुद्धा बदलून होत नाहीत. चरबीच्या पेशी वर्षाला 10 टक्क्यांच्या आसपास बदलतात. आतड्याचं अस्तर मात्र काही दिवसांत नवं होतं आणि रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण 120 दिवस टिकतात. डोळ्यातल्या भिंगाचा गाभा तर जन्माच्या आसपास तयार होतो तो शेवटपर्यंत तोच, दाताचं इनॅमल एकदा गेलं की गेलं. म्हणजे प्रत्येक भागाचं वेळापत्रक वेगळं आहे, सगळ्या शरीराला लागू पडेल असा सात हा आकडा कुठेच निघत नाही.

पण समजा, वादापुरतं धरू की सगळ्या पेशी खरंच बदलतात. तरी पुढचं म्हणणं खरं ठरत नाही, आणि माझा खरा मुद्दा इथेच आहे. आजीच्या हातावरचं गोंदण बघा. कातडीच्या वरच्या थरातल्या पेशी सतत झडून जातात, गोंदण साठ वर्षं तसंच. शाई त्याखालच्या थरात असते, तिथल्या भक्षक पेशींनी ती गिळून धरलेली असते. पण या पेशीसुद्धा मरतात, मग शाई टिकते कशी? 2018 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांच्या शेपटीवर गोंदवून हे तपासलं, शाई धरून बसलेल्या पेशी मुद्दाम मारल्या तरी गोंदण फिकं पडलं नाही, कारण मेलेल्या पेशीतून सुटलेली शाई नव्याने आलेल्या पेशींनी लगेच उचलली. पेशी बदलली, शाई हातोहात पुढे गेली.

माल बदलतो, स्थिती टिकते, कारण कोणीतरी ती पुढे देत असतं. हे एकदा लक्षात आलं की मेसेजमधले बाकीचे मुद्दे एकाच जागी घसरतात. घसरण्याची कारणं मात्र वेगवेगळी आहेत आणि ती माहीत असलेली बरी.

आता आजारांकडे येते. लहानपणी कांजिण्या झाल्या, फोड सुकले, खपल्या पडल्या, घरच्यांनी डोक्यावरून पाणी घातलं, प्रकरण संपलं असं आपण धरतो. ते संपलेलं नसतं, कारण तो विषाणू पाठीच्या कण्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींमध्ये जाऊन बसतो, वाढत नाही, काही करत नाही, नुसता असतो. चाळीस-पन्नास वर्षांनी प्रतिकारशक्ती ढिली पडली की त्यातल्या एखाद्या गाठीतून उठतो आणि त्या मज्जातंतूच्या वाटेने कातडीपर्यंत येतो. आपण त्याला नागीण म्हणतो. ती शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी का येते याचं उत्तर हेच, एका गाठीची हद्द तेवढीच असते. एडगर होप-सिम्पसन नावाच्या इंग्लंडमधल्या एका फॅमिली डॉक्टरांनी वर्षानुवर्षं आपल्या पेशंटच्या नोंदी ठेवून 1965 मध्ये हे मांडलं होतं, की नागीण बाहेरून येत नाही, आत दबून राहिलेल्या जुन्या कांजिण्याच परत उठतात.

आपल्याकडे अजून सांगतात की नागिणीची दोन टोकं जुळली की माणूस जातो, मग घाबरून कुणीतरी नागीण उतरवणाऱ्याकडे नेतं, लेप लावतात, आणि त्यात सगळ्यात मोलाचे दिवस जातात. पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू झाल्या तर त्यांचा उपयोग सगळ्यात जास्त होतो, नंतर महिनोन्‌महिने राहणारी आग आणि ठणका हा या आजाराचा खरा त्रास आहे. पन्नाशीच्या पुढच्यांनी लसीबद्दल डॉक्टरांना विचारून घ्यावं. आणि सात वर्षांत शरीर नवं होतं म्हणणाऱ्यांनी या एका आजाराचं उत्तर द्यावं, पन्नास वर्षं तो विषाणू आत कसा राहिला?

टीबीचं यापेक्षा गंभीर आहे. साध्या, म्हणजे औषधांना दाद देणाऱ्या टीबीला आपल्या सरकारी कार्यक्रमात सहा महिने औषधं देतात, पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने तीन. होतं काय की दोन-तीन आठवड्यांतच ताप उतरतो, भूक लागते, खोकला कमी होतो, वजन चढायला लागतं, आणि घरातलंच कुणीतरी म्हणतं की आता कशाला एवढ्या गरम गोळ्या खायच्या. नेमका याच वेळी असा मेसेज हातात पडला तर काय होईल याचा विचार करा. बरं वाटणं ही पेशंटची स्थिती झाली, जंतूंची स्थिती वेगळी असते. भराभर वाढणारे जंतू पहिल्या काही आठवड्यांत मरतात, लक्षणं त्यांच्यामुळे असतात म्हणून लक्षणं जातात, पण काही जंतू जवळजवळ थांबल्यासारखे पडून असतात आणि बरीच औषधं वाढत्या जंतूवरच नीट चालतात. पुढचे महिने आहेत ते या पडून राहिलेल्यांसाठी.

हे कळायला सुरुवात झाली 1944 मध्ये. डब्लिनचे जोसेफ बिगर यांनी पेनिसिलिनने पू करणारे जंतू मारून पाहिले तर दर वेळी अगदी थोडे, दहा लाखांत एखादा असे, मरायचे राहायचे. त्यांना वाढवून परत पेनिसिलिन दिलं तर ते नेहमीसारखे मेले आणि पुन्हा तेवढेच थोडे उरले. म्हणजे औषध पचवायला शिकलेली ही वेगळी जात नव्हती. जंतू तेच, जनुकं तीच, फक्त त्या क्षणी ते झोपलेल्या स्थितीत होते. औषधाला न जुमानणारा जंतू वेगळा आणि औषध जाईपर्यंत दम धरून बसलेला वेगळा, या दोन गोष्टी लोक एकच समजतात. पण त्यांचा एकमेकांशी संबंध आहे, कारण गोळ्या मध्येच सोडल्या की दम धरलेले उठतात, वाढतात, अर्धवट औषधात वाढताना त्यांच्यातले काही खरोखरचे निगरगट्ट होतात, आणि मग साधा टीबी अवघड होऊन बसतो, घरातल्या इतरांना लागतो तोही तसलाच. कुणाला शंका असेल तर टीबीची सरकारी हेल्पलाइन आहे, 1800-11-6666, फोन करा, पण गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

एक गोष्ट मान्य करते, साध्या इन्फेक्शनसाठी हल्ली डॉक्टर पूर्वीपेक्षा कमी दिवसांचा कोर्स देतात आणि बऱ्याच आजारांत ते योग्यही आहे. पण ते दिवस चाचण्या घेऊन ठरवलेले असतात, बरं वाटण्यावर नाही.

आणि शरीर जुनं विसरत नाही ही काही फक्त वाईट बातमी नाही. 1846 मध्ये फॅरो बेटांवर गोवराची साथ आली, जेमतेम 7,800 वस्तीत 6,000 च्या वर लोकांना गोवर झाला. पीटर पानुम नावाचे तरुण डॅनिश डॉक्टर तिथे गेले तर त्यांना दिसलं की बेटावर आधीची साथ 1781 मध्ये येऊन गेली होती आणि तेव्हा ज्यांना गोवर झाला होता त्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही या वेळी झाला नाही. मधल्या 65 वर्षांत बेटावर गोवर नव्हता. त्या माणसांच्या पेशी कितीदा तरी बदलल्या असतील, पण गोवराची ओळख एका पेशीकडून दुसरीकडे जात राहिली. आपण बाळांना लशी देतो त्या याच भरवशावर. मेसेज खरा असता तर दर सात वर्षांनी सगळं लसीकरण पहिल्यापासून करावं लागलं असतं.

मोबाईलचा मुद्दा आता. माझं रोजचं काम डेटाबेसचं आहे त्यामुळे इथे बोलायला खूप आहे, पण आवरतं घेते. फाइल डिलीट केली की कॉम्प्युटर बहुतेक वेळा फक्त त्या जागेची नोंद मोकळी म्हणून करतो. घरावरची पाटी काढली म्हणून घर पडत नाही, तसा आतला मजकूर तिथेच असतो, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. जुन्या हार्डडिस्क आणि पेनड्राइव्हमधून डिलीट केलेले फोटो परत काढून देणारे दुकानदार यावरच धंदा करतात. आता खरं ते सांगायलाच हवं, नव्या स्मार्टफोनच्या बाबतीत मेसेज बऱ्यापैकी बरोबर आहे. त्यांच्यात सगळा डेटा कुलूपबंद लिपीत लिहिलेला असतो आणि फॅक्टरी रिसेट करताना त्या कुलपाची किल्ली नष्ट केली जाते, मग उरलेला मजकूर असून नसल्यासारखा. पण इथेही ते आपोआप झालेलं नाही, किल्ली नेमकी कुठे आहे हे माहीत असून ती मुद्दाम पुसावी लागते.

आणि फोनबाहेरचं काय? मेमरी कार्ड तसंच राहतं, क्लाउडवरचे फोटो तसेच राहतात. सेकंडहँड फोन घेतलेल्यांना हे नीट माहीत असतं, आधीच्या मालकाने गूगल अकाउंट न काढता कुणी बटणं दाबून रिकव्हरीतून रिसेट मारला तर फोन चालू होतो, भाषा विचारतो, वायफाय विचारतो आणि मग जुन्याच मालकाचा पासवर्ड मागत बसतो. चोरांना आळा बसावा म्हणून ही नोंद मुद्दाम रिसेटला पुरून उरेल अशी ठेवलेली आहे. हरवलेला फोन सरकारच्या संचार साथी पोर्टलवर ब्लॉक करता येतो तेही आयएमईआय नंबर, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, रिसेटने बदलत नाही म्हणूनच.

बंद करून चालू केलं की चालतं, हे सगळ्या ऑफिसांत खरंच चालतं, कारण तात्पुरत्या मेमरीत साठलेला घोळ वीज गेली की जातो. 2015 मध्ये अमेरिकेच्या विमान नियामकाने बोईंग 787 विमानं चालवणाऱ्या कंपन्यांना असाच आदेश दिला होता, कारण जनरेटरचे कंट्रोलर सलग 248 दिवस चालू राहिले तर आतला मोजणारा आकडा ओसंडून विमानाची वीजच जाण्याचा धोका होता, सॉफ्टवेअर दुरुस्त होईपर्यंत उपाय एकच, त्याआधी वीज बंद करून चालू करा. पण घोळ डिस्कवर लिहिला गेला असेल तर शंभर वेळा रिस्टार्ट करा, तो शंभर वेळा परत वाचला जाणार. एक कामाची गोष्ट, विंडोज 8 पासून पुढे बऱ्याच मशीनवर शट डाउन केलं तरी सिस्टिमचा गाभा डिस्कवर जपून ठेवतात आणि सकाळी तोच उचलतात, खरी नवी सुरुवात रिस्टार्टने होते. म्हणून आयटीवाले रिस्टार्टच करा म्हणतात, रात्री बंद केलं होतं सांगून उपयोग नाही.

निसर्गाचा नियम रिसेट आहे, या वाक्याला आपला सह्याद्रीच उत्तर देतो. दख्खनचा काळा दगड सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन बनला, थंड होताना त्यातल्या लोहखनिजाच्या कणांनी त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची दिशा धरली आणि ती अजून धरून आहेत. त्यावरून कळतं की हा दगड विषुववृत्ताच्या दक्षिणेला, साधारण 30 अंशांवर असताना थिजला, आणि घाटातल्या बऱ्याच थरांत ती दिशा उलटी आहे कारण तेव्हा पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटे होते. इतके पावसाळे गेले तरी ते पुसलं गेलं नाही. मॅग्नेटाइट खनिजातली अशी नोंद पूर्ण घालवायची तर ते 580 अंशांच्या वर तापवावं लागतं. पुसायला ऊर्जा लागते हे तर 1961 मध्ये आयबीएमच्या रॉल्फ लँडाउअर यांनी गणितानेच दाखवलं, एक बिट, म्हणजे माहितीचा सगळ्यात लहान कण, पुसला तरी ठरावीक किमान उष्णता बाहेर पडतेच, आणि 2012 मध्ये ते प्रयोगात मोजूनही झालं. निसर्गात फुकट पुसून मिळत नाही.

राहिला सरकारचा मुद्दा, आणि गावाकडे जमीन असलेल्यांना हा जास्त लागू आहे. सरकार बदललं, कलेक्टर बदलले, तलाठी बदलले, आता तर तलाठ्याचं पदनामही ग्राम महसूल अधिकारी झालं, पण दप्तर तेच. सातबारा काढून बघा. आत्ता जमीन कुणाच्या नावावर ते त्यावर दिसतं, पण प्रत्येक नावाशी एक फेरफार क्रमांक असतो आणि गेलेलं नाव खोडून गायब करत नाहीत, त्याला कंस करतात. ते नाव का आलं, का गेलं, वाटप झालं की खरेदी की वारस लागले, हे सगळं फेरफाराच्या नोंदवहीत. नोंद धरली की संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला 15 दिवस असतात, मग मंडळ अधिकारी प्रमाणित करतात. आम्ही डेटाबेसमध्ये नेमकं हेच करतो, आत्ताची स्थिती एका जागी आणि ती कशी घडली याची ओळीने नोंद दुसऱ्या जागी, पहिली बिघडली तर दुसरीवरून परत उभी करता येते. म्हणून नुसता ताजा सातबारा बघून जमीन घेऊ नका, जुने फेरफार काढा. आणि आजोबांच्या नावावरची जमीन वारस नोंद न करता पडून असेल तर सात काय सत्तर वर्षांनीही ती आजोबांच्याच नावावर दिसेल.

कायद्याचं तसंच. भारतीय दंड संहिता 1860 ची, तिच्या जागी 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली. त्या तारखेआधी केलेला गुन्हा माफ झाला का? नाही, तो जुन्याच संहितेखाली चालतो, नव्या कायद्यात तसं कलमच घातलंय. 1950 ला राज्यघटना आली तेव्हाही कलम 372 ने आधीचे कायदे बदलेपर्यंत किंवा रद्द होईपर्यंत चालू ठेवले, नाहीतर 26 जानेवारीला सकाळी देशात ना करार ना कोर्ट अशी अवस्था झाली असती. 

गोव्याचं उदाहरण तर सगळ्यांत बोलकं आहे. पोर्तुगीज राज्य 19 डिसेंबर 1961 ला संपलं, पण 1962 च्या कायद्याने तिथले चालू कायदे पुढे चालू ठेवले, त्यात 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता होती. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची निम्मी-निम्मी, मुलांना वारसातून सहज डावलता येत नाही, हे गोवेकरांना लागू राहिलं. खुद्द पोर्तुगालने 1967 पासून नवी संहिता आणली, म्हणजे लिस्बनमध्ये जुनी गेली आणि पणजीत राहिली. वारसाचा भाग पुढे गोव्याच्या विधानसभेने स्वतःचा कायदा करून बदलला. आणि 2019 मध्ये सुप्रीम कोर्टापुढे एका गोवेकराच्या मुंबईतल्या मालमत्तेचा वाद आला, तेव्हा कोर्टाने सांगितलं की ही संहिता आता भारतीय कायद्याचाच भाग आहे आणि मुंबईतल्या त्या मालमत्तेच्या वारसालाही तीच लागू होते.

कर्जंही मरत नाहीत. ब्रिटनने 1833 मध्ये गुलामगिरी बंद करणारा कायदा केला आणि नुकसानभरपाई म्हणून 2 कोटी पौंड दिले, गुलामांना नाही, त्यांच्या मालकांना. त्यासाठी काढलेलं कर्ज शेवटी 2015 मध्ये फिटलं. म्हणजे ज्यांचे पूर्वज गुलाम होते तेही ब्रिटनमध्ये टॅक्स भरताना त्यांच्याच मालकांची भरपाई फेडत होते, आणि मधल्या काळात सरकारं किती आली-गेली ते मोजत बसायलाही नको.

सरकारात खरोखर कोरं होतं असं एक ठिकाण आहे, तेही सांगते, म्हणजे एकतर्फी वाटायला नको. लोकसभा विसर्जित झाली की लोकसभेत पडून असलेली विधेयकं मरतात, राज्यसभेतच पडून असलेली आणि लोकसभेने अजून मंजूर न केलेली मात्र जगतात. हे घटनेच्या कलम 107 मध्ये लिहूनच ठेवलंय, काय पुसायचं आणि काय ठेवायचं ते घटनाकारांनी बसून ठरवलं. महिला आरक्षणाचं विधेयक मार्च 2010 मध्ये राज्यसभेत मंजूर झालं, लोकसभेत गेलं, तिथे चार वर्षं पडून राहिलं, 2014 ला लोकसभा विसर्जित झाली तसं तेही गेलं, आणि 2023 मध्ये पुन्हा पहिल्या पानापासून आणून दोन्ही सभागृहांत मंजूर करून घ्यावं लागलं.